अडतंय कुठं, ते आधी बघा

धाराशिव जिल्ह्यात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन, आणि पेरणी उरकली की पीकविम्याची धावपळ. नेहमीची मुदत ३१ जुलैची. म्हणून लोहारा तालुक्यातल्या सेवा केंद्रांवर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जी गर्दी उसळते, तशी वर्षभरात क्वचितच होते. सास्तूर, जेवळी, माकणी, अचलेर अशा गावांतली माणसं सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून येतात आणि बाकावर, पायरीवर, जागा मिळेल तिथे बसून राहतात. आत एक डेस्कटॉप, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन. पडद्यावर गोल फिरत राहतो. बाहेरून कुणी तरी विचारतं, ‘दादा, किती वेळ लागंल?’ आतून उत्तर येतं, ‘मशीन लई हळू चालायलंय, काका. थांबा जरा.’

आणि त्याच संध्याकाळी केंद्रचालक ठरवतो, या दिवाळीला नवा कॉम्प्युटर घ्यायचाच.

हा निर्णय बरोबर असेलही. पण तो ज्या क्षणी घेतला जातो, त्या क्षणी एक गोष्ट तपासलेली नसते : गोल फिरत होता तो नेमका कुणाची वाट बघत? डब्यातल्या चकतीची, भरून गेलेल्या रॅमची, प्रोसेसरची, की शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरची? बाकावर बसलेल्या शेतकऱ्याला चारही सारखेच दिसतात. पैसे घालणाऱ्याला मात्र त्यातला फरक कळलाच पाहिजे. पहिल्या तिन्हींवर इलाज आहे, त्यांची किंमतही वेगवेगळी आहे. चौथ्यावर नवा कॉम्प्युटर हा इलाजच नाही. ऑपरेटर मंडळी रात्री बारानंतर अर्ज भरत बसतात ती उगाच नव्हे. त्या वेळी पोर्टलवरची गर्दी ओसरलेली असते. दिवसा रखडणारं तेच मशीन रात्री झरझर चालत असेल, तर दोष त्याचा नाही.

जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी संगणक-अभियंत्याने १९६७ साली मांडलेला एक नियम इथे फार उपयोगी पडतो. कामाच्या एखाद्या भागाचा वेग कितीही वाढवा, एकूण वेळेत होणारी बचत त्या भागाच्या वाट्यापेक्षा जास्त असू शकत नाही. धरून चला, विम्याच्या एका अर्जाला बारा मिनिटं लागतात. त्यातली तीन कागद बघण्यात आणि गट नंबर विचारण्यात जातात, चार टायपिंगमध्ये, तीन पोर्टलच्या उत्तराची वाट बघण्यात आणि दोन खुद्द मशीनच्या रखडण्यात : स्कॅन उघडायला, पीडीएफ लहान करायला, एका खिडकीतून दुसरीत जायला. आता जगातला सर्वांत वेगवान कॉम्प्युटर आणून ठेवला, तरी बारा मिनिटांची दहाच होणार. पण हीच वाटणी उलटी असेल, मशीनच पाच-सहा मिनिटं खात असेल, तर थोडक्या खर्चात दिवसाचे अर्ज कितीतरी वाढतील. म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही, मोजण्याचं. घड्याळ लावून पाच-सहा अर्ज बघितले तरी चित्र स्पष्ट होतं.

मशीनच्या आतलं मोजमाप तर फुकट मिळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तो सकाळी रिकाम्या वेळी बघून उपयोग नाही. ऐन गर्दीत, मशीन अडलेलं असतानाच बघायचा. ब्राउझरच्या दहा-बारा टॅब उघड्या आहेत, स्कॅनरचं सॉफ्टवेअर चालू आहे, अँटिव्हायरस मागे काही तरी चाळतोय. अशा वेळी चार जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क असलेल्या जुन्या मशीनवर बहुधा एकच चित्र दिसतं : प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर आरामात, मेमरी नव्वदच्या वर, आणि डिस्क शंभर टक्के. ज्याला आपण म्हातारा म्हणून बदलायला निघालो, तो प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला असतो. तो डिस्कची वाट बघतोय.

डिस्क इतकी का अडते, हे समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या डेस्कटॉपमधली हार्डडिस्क मिनिटाला ७,२०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती चकतीवर कुठेही असू शकते, म्हणून सरासरीने अर्धा फेरा वाट बघावी लागते, म्हणजे चार मिलिसेकंद. त्याआधी वाचणारा हात योग्य पट्ट्यावर जाऊन थांबायला हवा. त्याला आणखी आठ-नऊ. एक तुकडा उचलायला असे बारा-तेरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला विखुरलेले तुकडे उचलले जातात ते जेमतेम ऐंशी. एकाच ठिकाणची मोठी फाईल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना हजारो बारीक तुकडे ठिकठिकाणहून गोळा करायचे असतात. हाताची ही ये-जा कानालाही ऐकू येते, ती बारीक करकर. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. तिथे एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर मिळतो, आणि एकाच वेळी अनेक मागण्या पुऱ्या होतात. दोन-तीन मिनिटं सुरू होत राहणारं मशीन एसएसडी टाकल्यावर अर्ध्या मिनिटात समोर उभं राहतं, ते यामुळे.

रॅमचं दुखणंही शेवटी डिस्कवरच येऊन पडतं. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतं आणि लागला की परत उचलतं. म्हणजे आधीच दमलेल्या त्या हातावर आणखी ओझं. चार जीबीची आठ केली की ही उचल-ठेव बरीचशी थांबते. इथे एक गोष्ट जरूर बघावी. अनेक जुन्या मशीनवर कुणी तरी कधी काळी ३२ बिटचं विंडोज टाकून ठेवलेलं असतं. ते चार जीबीच्या पलीकडे बघूच शकत नाही. प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरतं. तिथे रॅम वाढवून पैसे पाण्यात जातील. आधी ६४ बिटचं विंडोज, मग रॅम.

दुकानात गेल्यावर मात्र पहिला सल्ला बहुतेकदा प्रोसेसरचा मिळतो : ‘आयथ्री काढा, आयफाईव्ह घ्या.’ विहिरीवर दहा एचपीची मोटर बसवली आणि पाईप जुना दीड इंचीच ठेवला, तर शेतात पाणी वाढत नाही. हार्डडिस्क तशीच ठेवून प्रोसेसर बदलणं हे त्यातलंच. शिवाय प्रोसेसरांचा इतिहासही या सल्ल्याच्या बाजूने नाही. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरच्या ट्रान्झिस्टरची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल असा अंदाज मांडला आणि १९७५ मध्ये तो दर दोन वर्षांवर आणला. नव्वदच्या दशकात या वाढीबरोबर वेगही झपाट्याने वाढत होता. पाच वर्षांचं मशीन खरोखर निकामी व्हायचं. २००५ च्या सुमारास उष्णतेने तो रस्ता अडवला. वेग तीन-साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळला आणि कंपन्या वेगाऐवजी कोर वाढवू लागल्या. त्यामुळे २०१२ चा प्रोसेसर अर्ज भरणं, टायपिंग, हिशेब, व्हिडिओ बघणं या कामांना आजही पुरतो. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याची किंवा मोठे फ्लेक्स बनवणाऱ्याची गोष्ट वेगळी; त्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच शंभरावर दिसेल, आणि मग पैसा तिथेच घालावा.

मग जुनं मशीन वर्षागणिक मंद का होत जातं? बहुतांशी ते मंद होतच नाही, त्याच्यावरचं काम वाढतं. सॉफ्टवेअर ज्या गतीने जड होतं ती हार्डवेअरच्या सुधारण्यापेक्षा जास्त असते, असं निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण मशीन खरोखर मंद होण्याचीही कारणं असतात, आणि आपल्या भागात ती कमी नाहीत. रस्त्यालगतच्या गाळ्यात काळ्या मातीची धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखी बसते. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशीपार पारा, वर पत्रा, आणि डब्यात हवा खेळायला जागा नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो. ब्लोअर मारून, सुकून भुगा झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली तरी कधी कधी अर्धी तक्रार मिटते. त्याचा खर्च किरकोळ आहे, म्हणून तो बाकी सगळ्याच्या आधी करावा.

झाकण उघडलंच आहे तर मदरबोर्डही नीट बघून घ्यावा. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभे गोल कॅपॅसिटर असतात. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली, फाटलेली किंवा तपकिरी डाग पडलेली दिसली, तर त्या बोर्डवर एक रुपयाही घालू नये. तो आज ना उद्या जाणार. कमी-जास्त होणारा व्होल्टेज आणि वरचेवर जाणारी लाईट यांचा मार एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) आणि हे कॅपॅसिटर आधी खातात. मशीन मध्येच आपोआप बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्यावा, विंडोजवर नाही. आणखी एक लहानशी वस्तू : बोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी. ती संपली की मशीन बंद-चालू केल्यावर तारीख मागे जाते. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतात, डिजिटल सहीही चालत नाही. या बारीक बॅटरीपायी संपूर्ण कॉम्प्युटर बाद ठरवला गेल्याची उदाहरणं दुरुस्ती करणाऱ्यांकडे हमखास असतात.

आता मशीनची कमाल मर्यादा. ग्रामीण महाराष्ट्रात २०११ नंतर असेंबल झालेल्या डेस्कटॉपमध्ये एच ६१ चिपसेटचे बोर्ड भरपूर गेले. त्यावर इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात, डीडीआर ३ रॅम लागते, सोळा जीबीपर्यंत. डीडीआर ४ ची पट्टी त्यात शिरणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. एच ६१ चे साटा पोर्ट सेकंदाला ३०० एमबीच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे सेकंदाला ५०० एमबी देणारी एसएसडी लावूनही तो आकडा दिसणार नाही. तरीही ती लावावी, कारण खरा फायदा सलग वेगात नसून त्या बारीक तुकड्यांच्या उचलण्यात आहे. पट्टीसारखी येणारी एनव्हीएमई एसएसडी मात्र या बोर्डसाठी घेऊ नये. तिला जागाच नाही आणि अडॅप्टर लावलं तरी त्यावरून विंडोज सुरू होण्याची खात्री नाही. अडीच इंची साटाचीच घ्यावी, बिलासकट आणि वॉरंटीसकट. अगदी पडेल भावात मिळणाऱ्या बिननावाच्या एसएसडीत लिहिलेली क्षमता आणि खरी क्षमता यांत तफावत निघते. एसएसडी बसवण्याआधी बायोसमध्ये साटा मोड आयडीई आहे की एएचसीआय, तेही बघावं. जुने असेंबल करणारे तो आयडीईवरच सोडून देत. एएचसीआय केल्यावर विंडोज नव्याने टाकलं की मशीन पूर्ण ताकदीने चालतं.

इथपर्यंतचा हिशेब सोपा होता. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तो अवघड झाला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर लागतो. एच ६१ ची दुसरी-तिसरी पिढी या उंबऱ्याबाहेरच राहते. मशीन धडधाकट, काम नीट, तरी दार बंद. हे मला अन्यायाचं वाटतं. एका कंपनीच्या निकषाने जगभरातली कोट्यवधी चालती मशीनं एका तारखेला जुनी ठरली, आणि त्याची झळ ज्यांनी पै-पै जमवून एक डेस्कटॉप उभा केला त्यांना जास्त लागते. पण निर्णय घेताना हा राग बाजूला ठेवावा लागतो. सुरक्षा-दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार हाताळणं योग्य नाही. विंडोज ७ चं काय झालं ते आठवा : फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या क्रोम ११० ने त्याला वगळलं, आणि मग हळूहळू एकेक पोर्टल नीट उघडेना.

घरगुती वापरासाठी विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. व्यवसायांना त्या पैसे मोजून तीन वर्षांपर्यंत घेता येतात, पण दर वर्षी भाव दुप्पट. अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही आहेत. मुलाच्या अभ्यासाच्या मशीनवर ते करून बघायला हरकत नाही; सेवा केंद्रासाठी मी ते सुचवणार नाही, कारण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर तर २०२४ ची विंडोज ११ आवृत्ती सुरूच होत नाही, त्या प्रोसेसरमध्ये तिला लागणाऱ्या काही आज्ञाच नाहीत. राहिला लिनक्स. टायपिंग, इंटरनेट, अभ्यास यांसाठी तो उत्तम आहे, फुकट आहे, जुन्या मशीनवर हलका चालतो. मात्र अंगठ्याच्या मशीनची आणि डिजिटल सहीच्या टोकनची सॉफ्टवेअर बहुधा विंडोज धरूनच बनतात. तुमचं यंत्र त्यावर चालतं का, हे आधी खात्री करून मगच उडी घ्यावी.

पैशाचं गणित कसं मांडायचं? २०२३ आणि २०२४ च्या खरिपात महाराष्ट्रात शेतकऱ्याला एक रुपयात पीकविमा होता आणि केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत. एसएसडी आणि रॅममुळे तासाला एकच अर्ज जास्त भरला गेला, तरी दहा तासांच्या दिवसाला ४०० रुपये. गर्दीच्या पंधरवड्यातच त्या दोन वस्तूंचा खर्च वसूल होतो. नव्या पूर्ण मशीनचा होत नाही. म्हणून माझा ठोकताळा असा : सुधारणेचा एकूण खर्च आठव्या पिढीच्या वापरलेल्या, चांगल्या अवस्थेतल्या डेस्कटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असेल आणि त्यातून किमान दोन हंगाम निघत असतील, तर सुधारावं. त्यावर गेला तर थांबावं. भाव लिहीत नाही, कारण ते स्थिर नसतात. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅम जगभर महागली. आदल्या वर्षीचा हिशेब तेव्हा चुकला.

सुधारणा थांबवून वापरलेलं मशीन घ्यायचं ठरलं तर पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतून निघालेली छोटी मशीनं उमरगा, लातूर, सोलापूरच्या बाजारात येतात. त्यांचा एक गुण आपल्याकडे फार मोलाचा आहे, तो म्हणजे कमी वीज. साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते : कागदावर ८४ वॅट-तास, प्रत्यक्षात हाती येतात निम्मे. मॉनिटरसकट शंभर वॅट खाणाऱ्या जुन्या मशीनला त्यावर वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. पन्नास वॅटच्या जोडीला पाऊण तास सहज. लाईट गेल्यावर अर्धवट भरलेला अर्ज पुरा होणं, हे त्या पाऊण तासावर अवलंबून असतं.

डीटीपीवाल्यांचं मात्र वेगळं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, संस्थांचे अहवाल अजूनही पेजमेकरमध्ये होतात, जुन्या फाँटच्या फाइली आणि डोंगल जपून. पेजमेकर ७ हे २००१ सालचं; त्यानंतर अडोबने त्याला पुढे नेलंच नाही. तिथे नवं मशीन घेतलं तरी जुनं मोडीत काढू नये. त्याचं इंटरनेट काढून टाकावं आणि फक्त त्या कामासाठी ठेवावं.

कोणताही मार्ग निवडा, शेवटी हातात एक जुनी हार्डडिस्क उरते, आणि ती निष्काळजीपणे दिली जाते याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो. सेवा केंद्राच्या डिस्कवर तालुक्यातल्या कितीतरी घरांची आधार कार्डं, पासबुकं, जातीचे दाखले, मुलींचे फोटो स्कॅन होऊन पडलेले असतात. फाइली डिलीट केल्याने किंवा क्विक फॉरमॅट मारल्याने त्या जात नाहीत. फक्त यादी पुसली जाते, मजकूर चकतीवर तसाच राहतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने परत निघतो. नवं मशीन नीट चालतंय हे बघायला महिनाभर जुनी डिस्क कपाटात ठेवावी. मग दुसऱ्या मशीनला जोडून फॉरमॅटच्या खिडकीतली ‘क्विक’ची खूण काढावी आणि डिस्कच्या प्रत्येक विभागावर पूर्ण फॉरमॅट लावावा, असा फॉरमॅट त्या सगळ्या विभागावर शून्यं लिहितो. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात, रात्री लावून ठेवता येतो. डिस्क बिघडलेली असेल आणि फॉरमॅट घेत नसेल, तर वेल्डिंगच्या दुकानातून तिला ड्रिलने तीन-चार जागी आरपार भोकं पाडून घ्यावीत, चकतीतून गेली आहेत हे स्वतः बघावं, आणि मगच भंगारात द्यावी.